किल्ली मोडली, नट अडला

मे महिन्यातली दुपार. शिक्षकांच्या एका शिबिरासाठी आम्ही जळगावहून धुळ्याला निघालो होतो. मोटार एका स्नेह्यांची. बांभोरीजवळचा गिरणेचा पूल ओलांडला, पाळधी मागे पडले, आणि एरंडोल सोडून थोडे पुढे जातो न जातो तोच मागचे डावे चाक बसले. पंक्चर. यात विशेष काही नव्हते. स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. चाकाला चार नट. तीन नट निघाले. चौथा मात्र निराळाच निघाला. त्याला षटकोनी डोके नव्हते. गोल गुळगुळीत अंग आणि तोंडावर नागमोडी खाच. हा चोरीपासून संरक्षण देणारा कुलपी नट. त्याची किल्ली डिकीत सापडली. ती खाचेत बसवली, पाना लावला, जोर केला आणि ‘कट्’ असा आवाज आला. नट सुटला असे वाटून आनंद झाला, पण सुटला नव्हता. किल्लीचे दोन दात मोडून खाचेत राहिले होते.

मग नेहमीप्रमाणे माणसे जमली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाले, “उन्हाने लोखंड फुगलंय, रात्री आपोआप सैल होईल.” दुसरे म्हणाले, “पान्याला पाइप लावा आणि वर उभे राहा.” एका ट्रकचालकाने ठाम सांगितले, “गॅस मारा, लाल करा, लगेच निघेल.” यातला कोणता सल्ला बरोबर? शिबिरात ‘साधी यंत्रे’ या पाठावर बोलण्यासाठी निघालेल्या आम्हाला रस्त्यावरच परीक्षेला बसवल्यासारखे झाले. त्या दुपारी जे पाहिले आणि नंतर कागदावर जे गणित मांडले, ते शिक्षक मित्रांसमोर ठेवत आहोत. उतरण, तरफ, घर्षण, स्थितिस्थापकता आणि उष्णतेने होणारे प्रसरण असे पाठ्यपुस्तकातले पाच धडे या एका नटात एकत्र आलेले आहेत.

नट घट्ट राहतो कशामुळे?

आधी एक साधा प्रश्न. कुलपी नट आणि साधा नट यांत घट्टपणाचा काही फरक असतो का? मुलांना विचारले तर बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. खरे उत्तर ‘नाही’ असे आहे. दोघांचे आटे सारखेच आणि दोघे आवळायचे तेवढेच. कुलपी नटात वेगळे असते ते फक्त बाहेरचे रूप. त्याला पकडायला जागाच ठेवलेली नसते. पक्कड घसरते, पाना बसत नाही. जिच्यावर त्या खाचेचा उलटा ठसा आहे अशी किल्लीच तेवढी बसते. म्हणजे चोराला अडवते ती ताकद नव्हे, आकार अडवतो. किल्ली मोडली की आपण चोराच्या जागी येतो. नट आपला असतो, पण पकड गेलेली असते.

मग नट धरून ठेवतो कोण? एक कागदी काटकोन त्रिकोण कापा. त्याची लांब बाजू तिरपी ठेवून तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. तिरपी कड पेन्सिलीभोवती चढत गेलेली दिसेल. हाच आटा. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. छोट्या मोटारींच्या चाकाचा बोल्ट साधारण १२ मिलिमीटर जाडीचा असतो आणि पुष्कळदा त्याच्या दोन आट्यांमधले अंतर १.५ मिलिमीटर असते. नटाने एक पूर्ण फेरा घेतला की तो सुमारे ३५ मिलिमीटर वाट चालतो आणि १.५ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे चढ झाला २३ला १. कोनात सांगायचे तर जेमतेम अडीच अंश.

आता एक लाकडी फळी घ्या, तिच्यावर लोखंडी ठोकळा ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठराविक कोन आल्यावरच ठोकळा घसरतो. पोलादावर पोलाद ठेवले आणि घर्षण गुणांक ०.१५ धरला तर हा कोन साडेआठ अंशांच्या आसपास येतो. आट्याचा उतार अडीच अंशांचा, आणि घसरायला हवेत साडेआठ अंश. म्हणून नट आपल्या आपण उतरणीवरून घसरत नाही. लळिंगच्या घाटात ट्रक थांबवायचा तर ब्रेक दाबून धरावा लागतो. नटाच्या घाटात उतारच इतका मंद की घर्षण हाच कायमचा ब्रेक होतो.

बोल्ट म्हणजे एक ताठ स्प्रिंग

पण घर्षणाला दाब लागतो. सैल नट बोटानेही फिरतो. हा दाब कुठून येतो? नट आवळताना तो चाकावर टेकतो आणि पुढे सरकायला जागा उरत नाही. त्यानंतरही आपण फिरवत राहिलो की बोल्ट ताणला जातो. पोलाद ताणले जाते हे मुलांना पटत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून थोडे गणित करू.

छोट्या मोटारीचे नट साधारण १०० न्यूटन-मीटर इतक्या पिळाने आवळतात. (नेमका आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच पाळायचा.) कोरड्या, स्वच्छ आट्यांवर एवढ्या पिळाने बोल्टमध्ये सुमारे ४२,००० न्यूटन ताण निर्माण होतो. म्हणजे एकेका बोल्टला सव्वाचार टन वजन टांगल्यासारखे! या ताणाने बोल्टचा २५ मिलिमीटर लांबीचा भाग सुमारे ०.०६ मिलिमीटरने लांबतो. वहीचे पानही साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते, म्हणजे ही वाढ त्याहून कमी. पण एवढ्याशा ताणावरच चाक टिकून असते.

चार बोल्टांचा मिळून दाब होतो जवळजवळ १७ टन. या दाबाखाली चाक आणि त्यामागचे हब एकमेकांवर इतके घट्ट बसतात की त्यांच्यातले घर्षणच गाडीचा भार पेलते. १,२०० किलोच्या मोटारीत एका चाकावर सुमारे ३०० किलो भार येतो, तर या घर्षणाची ताकद दोन-अडीच टनांची असते. चाक बोल्टांवर लटकलेले नसते, ते घर्षणाने चिकटलेले असते. नट सैल झाले की दाब जातो, घर्षण जाते आणि सगळा भार बोल्टांवर आडवा येऊ लागतो. मग बोल्ट प्रत्येक फेऱ्याला पुढे-मागे वाकतात आणि काही काळाने तुटतात. चालत्या गाडीचे चाक निखळते ते बहुधा असे.

१०० पैकी ९० घर्षणाला

आपण लावलेला १०० न्यूटन-मीटर पीळ खर्च कुठे होतो? हिशोब केला तर बोल्ट ताणण्यासाठी त्यातले फक्त १० लागतात. बाकीचे ९० आट्यांमधल्या आणि नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातात. या आकड्यांवरून दोन गोष्टी कळतात.

पहिली गोष्ट. सोडवताना घर्षण पुन्हा ९० मागते, पण ताणलेला बोल्ट स्प्रिंगप्रमाणे १० परत देतो. म्हणून नुकताच आवळलेला नट सोडवायला सुमारे ८० पुरतात. आवळण्यापेक्षा सोडवणे सोपे असायला हवे. ते अवघड गेले, तर नट एक तर गरजेपेक्षा जास्त आवळलेला आहे किंवा गंजला आहे. गंज लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांमधल्या बारीकशा फटीत तो पाचर ठोकल्यासारखा बसतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हाताला जाणवतो तो पीळ, ताण नव्हे. आटे गंजके आणि मातीने भरलेले असतील तर तेवढ्याच १०० न्यूटन-मीटरमध्ये घर्षण जास्त वाटा खाते आणि ताण २८,००० न्यूटनपर्यंत खाली येऊ शकतो. नट घट्ट ‘वाटतो’, पण घट्ट ‘नसतो’. उलट आट्यांना तेल लावले तर तोच पीळ ५५,००० न्यूटन ताण देऊ शकतो आणि बोल्टवर अकारण भार येतो. म्हणून चाकाचे आटे तारेच्या ब्रशने साफ करावेत आणि उत्पादकाने सांगितले नसेल तर त्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये.

किल्ली का मोडली?

आमच्या नटाची कथा नंतर उलगडली. महिन्याभरापूर्वी एका पंक्चरच्या दुकानात हवेच्या बंदुकीने चारही नट आवळले होते. ही बंदूक एकसारखे ठोके देत नट फिरवते. काम झटपट होते, पण नट किती आवळला गेला ते हाताला कळत नाही. कुलपी नटाच्या किल्लीचे दात बारीक असतात. बंदुकीचे ठोके त्यांच्यासाठी नसतातच. त्या दिवशी दातांना बारीक तडे गेले असणार, आणि आम्ही जोर केला तेव्हा ते पुरे झाले.

‘पाइप लावा आणि वर उभे राहा’ या सल्ल्याकडेही याच नजरेने पाहा. ६० किलोचा माणूस ४० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर पीळ होतो सुमारे २३५ न्यूटन-मीटर. हव्या त्या पिळाच्या दुपटीहून जास्त. सोडवताना हे एक वेळ चालेल, कारण ताण वाढत नाही. पण आवळताना असे केले तर चांगल्या प्रतीचा बोल्टही स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडतो आणि कायमचा लांबतो. खूप ताणलेला रबरबँड जसा पुन्हा आखडत नाही, तसा हा बोल्ट पुन्हा कधी नीट धरत नाही. बरे, मोडक्या किल्लीवर उभे राहून सोडवायचे म्हटले, तर किल्ली निसटते आणि माणूस रस्त्यावर आपटतो.

मिस्तरींनी काय केले?

एरंडोलहून मोटारसायकलवर एक मिस्तरी आले. त्यांनी नट पाहिला, खाचेत अडकलेले तुकडे पाहिले आणि म्हणाले, “घाई नका करू भाऊ, निंघी जाई.” पहिले काम त्यांनी केले ते आम्हाला अगदी उलटे वाटले. आम्ही काढलेले तिन्ही नट त्यांनी परत बसवले आणि आवळले! मग जॅक उतरवून चाक जमिनीवर टेकवले आणि हातब्रेक ओढला.

कारण विचारल्यावर म्हणाले, “तुम्ही तिघांना घरी पाठवलं, मग सगळा बोजा या एकट्यावर.” नेमके तेच. तीन नट काढल्यावर चाक चौथ्या नटावर किंचित कलते आणि त्याचे आटे एका बाजूला करकचून दाबले जातात. बाकीचे तिघे नीट आवळले की चाक सरळ बसते, दाब वाटला जातो आणि चौथ्यावरचा ताण थोडा उतरतो. म्हणून कुलपी नट असेल तर तो सर्वांत आधी सैल करावा. चाक जमिनीवर टेकलेले हवे, कारण अधांतरी चाक पिळाबरोबर फिरते.

मग त्यांनी एक जुना, बारा कोनी बॉक्स पाना काढला. तो नटापेक्षा किंचित लहान मापाचा होता. नटाच्या गोल अंगावर तो ठेवून त्यांनी हातोड्याने सरळ ठोकत बसवला. पान्याचे कठीण कोपरे नटाच्या अंगात रुतले. जी पकड नट बनवणाऱ्याने ठेवली नव्हती ती अशी तयार झाली. ठोकण्याचा आणखी एक फायदा होता. हादऱ्यांनी आट्यांमधला गंज भेगाळतो. नंतर त्यांनी सुमारे एक मीटर लांबीचा दांडा लावला आणि झटके न देता सावकाश दाबत नेला. तरफेचा नियम इथे कामाला येतो. एक मीटरच्या दांड्यावर १० किलो वजनाइतका जोर लावला तरी जवळजवळ १०० न्यूटन-मीटर पीळ मिळतो. मिस्तरींना याहून बराच जास्त जोर लावावा लागला. शेवटी ‘कट्’ आवाज झाला. या वेळी खरोखर नट सुटला होता. स्थिर घर्षण हे चल घर्षणापेक्षा जास्त असते, त्यामुळे पहिली हालचाल होईपर्यंतच झगडा असतो. पुढे नट सरसर फिरतो.

हा उपाय लागू पडला नाही तर? याच कामासाठी आतून उलटे, धारदार पिळाचे दात असलेले सॉकेट मिळते. ते डावीकडे फिरवावे तसे नटात अधिकच रुतते. काही कुलपी नटांच्या अंगावर मोकळी फिरणारी कडी असते. त्यांच्यावर पाना नुसता गरगरतो, म्हणून आधी ती कडी छिन्नीने फोडून काढावी लागते. नटाच्या कडेला छिन्नी तिरपी धरून सुटण्याच्या दिशेने ठोके देण्याची जुनी रीतही आहे, पण त्यात चाकाला इजा होते. सर्वांत शेवटी ड्रिल. मात्र हे नट मुद्दाम कठीण केलेले असतात आणि साधी ड्रिले त्यांच्यावर बोथट होतात. घाई नसेल तर सर्वांत सोपा मार्ग निराळाच आहे. किल्लीवर किंवा तिच्यासोबतच्या कार्डावर एक सांकेतिक क्रमांक असतो. तो दाखवून विक्रेत्याकडून दुसरी किल्ली मागवता येते.

ऊन, गॅस आणि टायर

आता राहिले दोन सल्ले. उन्हाने नट आवळला जातो का? खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पण नट आणि बोल्ट दोघेही पोलादाचे, दोघेही सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे त्यांच्यातली फट जवळजवळ तशीच राहते. मिश्रधातूचे चाक अॅल्युमिनियमचे असते आणि ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते हे खरे. तरी १५ मिलिमीटर जाडीत ३० अंशांच्या फरकाने होणारी जादा वाढ सुमारे ०.००५ मिलिमीटर, म्हणजे बोल्टच्या मूळ ताणाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. रात्रीपर्यंत थांबून काही हाती लागले नसते.

गॅसच्या सल्ल्यात मात्र विज्ञान आहे, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. फक्त नट तापवला तर तो बोल्टपेक्षा जास्त फुगतो आणि त्याचे भोक मोठे होते. (भोक लहान होते असे मुलांना हमखास वाटते. बरणीचे झाकण गरम पाण्यात धरून ते सैल झालेले दाखवावे.) नटावर दुसरा नट वेल्ड करून तो फिरवण्याची युक्तीही यावरच चालते. नवी पकड मिळते आणि उष्णताही मिळते.

पण शेजारी टायर असतो. आतली हवा २७ अंशांवरून १२७ अंशांवर गेली तर तिचा निरपेक्ष दाब एक तृतीयांशाने वाढेल. तेवढ्याने चांगला टायर फुटत नाही, म्हणून ‘थोडे तापवले तर काय होते’ असे वाटते. खरा धोका दाबाचा नसून रबराचा आहे. रिम फार तापली की आतल्या बाजूचे रबर विघटन पावून ज्वलनशील वायू सोडते. ते टायरमधल्या हवेत मिसळतात आणि आतल्या आत पेट घेतात. हा स्फोट टायर फुटण्यापेक्षा कितीतरी भयंकर असतो आणि ज्योत विझवल्यानंतर काही वेळानेही होऊ शकतो. टायर बसवलेली रिम वेल्ड करताना माणसे दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. वॉल्व्ह काढून हवा सोडली तरी हा धोका पूर्ण जात नाही. शिवाय लाल केलेल्या बोल्टचे पाणी उतरते आणि तो मऊ पडतो. तो पुन्हा वापरता येत नाही. मिस्तरींनी ट्रकचालकाला एवढेच सांगितले, “चाकावर गॅस मी मारत नाही.” त्यांच्या या नियमामागे किती रसायनशास्त्र आहे, ते आम्हाला घरी जाऊन गणित मांडल्यावर नीट उमगले.

धुळ्यात पोचल्यावर

चौथ्या बोल्टवर मिस्तरींनी पिशवीतला एक साधा नट लावून दिला. स्टेपनीवर सावकाश गाडी चालवत पारोळामार्गे आम्ही धुळ्याला पोचलो. तिथे एका गॅरेजमध्ये उरलेले तीन कुलपी नटही काढून घेतले. प्रत्येक चाकाला असा एकेक नट होता, आणि किल्ली तर आता नव्हतीच. तिथे पीळ मोजणारा पाना होता. त्याने सर्व नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून घेतले. एकामागून एक शेजारचे नट आवळले तर चाक तिरपे बसते, समोरासमोर आवळले की सपाट बसते. सुमारे ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासायचे असतात, कारण रंगाचा किंवा मातीचा थर दबून ताण उतरलेला असू शकतो. परतताना एरंडोलला थांबून आम्ही ते तपासून घेतले.

शिबिर तासभर उशिरा सुरू झाले. पण तयार करून नेलेले टिपण बाजूला ठेवून आम्ही तो जखमी नट टेबलावर ठेवला आणि त्यावरच बोललो. आपल्या गावातही गॅरेज असेलच. एखादा जुना नट-बोल्ट आणा, वर्गात फिरू द्या. मुलांना पेन्सिलीवर उतरण गुंडाळू द्या, फळीवर ठोकळा ठेवून घर्षणाचा कोन मोजू द्या, दार बिजागरीजवळ ढकलून आणि कडेला ढकलून पीळ अनुभवू द्या. आणि घरी जाऊन एक गोष्ट पाहून यायला सांगा: सायकलच्या उजव्या आणि डाव्या पॅडलचे आटे एकाच दिशेचे असतात का? नसतील तर का? उत्तर लगेच सांगू नका. ज्या मुलाने डावे पॅडल उलट्या दिशेने फिरवून काढताना एकदा पाहिले आहे, ते स्वतःच वर्गाला सांगेल.